बोट ओढणारी गाडी

इन्स्पेक्टरांना पसंत पडेल अशी गाडी अजून कोणी बनवली नव्हती, आणि उद्या कोणी बनवलीच असती तर बनवणाऱ्याचं तोंड बघून ती त्यांनी नापसंत केली असती.

ते इन्स्पेक्टर होते लिफ्टचे. उभी नोकरी त्यांनी इमारतींच्या डोक्यावरच्या कोंदट खोल्यांत लोखंडी दोर तपासण्यात आणि 'वापरास बंद'ची लाल चिठ्ठी लिफ्टच्या दाराला चिकटवण्यात घालवली. चिठ्ठी चिकटवून झाली की ते मुद्दाम जिन्याने उतरायचे, म्हणजे पिशव्या घेऊन धापा टाकत वर येणारी माणसं वाटेत भेटायची. त्यांचं चुकायचं असं नाही. दोर खरंच झिजलेला असायचा. पण दोर झिजलाय हे सांगताना समोरच्याची अक्कलही काढायची, ही खोड त्यांना नोकरीत लागली आणि निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आली. घरी ऐकून घ्यायला बायको होती. ती गेल्यापासून ते रेडिओवर बातम्या वाचणाऱ्याच्या चुका काढत बसायचे, आणि तो उलटून बोलत नाही याचाही त्यांना राग यायचा.

एकुलत्या एका मुलीने लग्न केलं ते चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाशी. "दिवसभर गिऱ्हाइकांना 'हा बरा दिसतो की तो?' असं विचारत बसतो, त्याला स्वतःला काय दिसणार कपाळ," हे इन्स्पेक्टरांचं जावयाविषयीचं मत लग्नाच्या आधीपासूनचं होतं आणि त्यात फेरफार करावा असं त्यांना कधी वाटलं नाही. तर या जावयाने हौसेने एक शिडाची बोट घेतली. डोलकाठी आडवी पाडून ट्रेलरवर चढवता येते, त्यातली. ती मुलीच्या घराच्या बाजूला ताडपत्री पांघरून उभी होती. सुट्टी काढायची, बोट मोठ्या तलावावर न्यायची आणि तीन आठवडे बोटीतच राहायचं, असा नवराबायकोचा बेत होता. पण दारात होती ती छोटी गाडी. तिला ही बोट बांधली असती, तर पहिल्याच उतारावर कोण कोणाला नेतंय ते कळलं नसतं. मग नवी गाडी बघायचं ठरलं, आणि फोनवर बोलता बोलता मुलगी वडिलांना म्हणाली, "जरा मोठीच घेऊ म्हणतोय. गाडीत जागा झाली तर तुम्हीही चला ना, बाबा."

ती आपली बोलून गेली. इन्स्पेक्टरांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ रेडिओ लावला नाही. तीन आठवडे लेकीबरोबर. आई गेल्यापासून ती त्यांच्याकडे यायची ती पायातले बूट न काढता, औषधं संपली का विचारायची आणि निघायची. हे त्यांना फार लागायचं, पण लागतं असं म्हणायला लागणारी जीभ त्यांच्याकडे नव्हती. त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याची त्यांना भीतीच होती. तरी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी फिक्या तळाचे बूट घेतले, कारण काळ्या तळाने बोटीवर डाग पडतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बूट पेटीसकट पलंगाखाली ठेवले आणि मुलीला फोन करून ते म्हणाले, "गाडी मी बघून देतो. तुमच्यावर सोडलं तर तुम्ही दोघं हातगाडी घेऊन याल."

पहिल्या शोरूममध्ये एक तरणाबांड विक्रेता भेटला. त्याने केसांना इतकं काही लावलं होतं की त्यांच्याकडे बघूनच इन्स्पेक्टरांचं अर्धं मत झालं. गाडी उंच, चकचकीत, वर पूर्ण काचेचं छप्पर. विक्रेत्याने बोटीचं वजन विचारलं. जावयाने फोनमध्ये बघून आकडा सांगितला.

"हे कुठलं वजन?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"बोटीच्या माहितीपत्रकातलं," जावई म्हणाला.

"जावईबापू, हे बोट कारखान्यातून नागडी बाहेर पडली तेव्हाचं वजन. खालचा ट्रेलर कोण धरणार? मागचं इंजिन? नांगर, बॅटरी, प्यायचं पाणी, तुमचे डबे, तुमच्या उश्या? का ते सगळं तुम्ही डोक्यावर घेऊन मागून चालत येणार?"

विक्रेता मध्ये पडला. बिचाऱ्याला कोणी शिकवलं नसावं. "सर, ताकदीची काळजीच करू नका. ही आरामात ओढेल."

"ओढेल तर बैलही. थांबवणार कोण? उतारावर बोट मागून ढकलायला लागली की तुमचं हे काचेचं छप्पर ब्रेक लावणार आहे का? बरं, गाडीत माणसं किती धरलीत?"

"माणसं... सर, सीट पाच आहेत."

"सीट नाही विचारल्या. वजन विचारलं. माणसं काय हवेत तरंगत जातात? आत बसलेला प्रत्येक माणूस गाडीला ओझं असतो. हे लिफ्टमधल्या पोरासोरांना कळतं. तुम्ही गाड्या विकता की फुगे?"

मुलीने तोंडावर हात धरला. तिला हसू आलं होतं, आणि ते इन्स्पेक्टरांना दिसलं. विक्रेत्याचे कान लाल झाले. सरांसाठी कॉफी आणतो म्हणून तो गेला तो परत आला नाही. बाहेर पडताना जावई म्हणाला, "बाबांचं बरोबर होतं पण." इन्स्पेक्टर रस्त्याने असे चालले की जणू शोरूम त्यांनीच बंद करून किल्ली खिशात टाकली आहे. लेक हसली होती. त्यांना वाटलं, आपलं जमतंय.

हेच तर त्यांचं दुखणं होतं. माणूस चुकीचं बोलून वाईट वागला तर त्याला कोणीतरी थांबवतो. बरोबर बोलून वाईट वागणाऱ्याला थांबवायला जीभच कोणाची रेटत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मुलीच्या बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणला, त्यावर फळी टाकली आणि फळीवर ट्रेलरचा पुढचा दांडा टेकवला. गाडीच्या हुकावर हा दांडा किती भार टाकणार ते मोजायचं होतं. भार फारच कमी निघाला. इन्स्पेक्टर ट्रेलरवर चढले, बोटीत डोकावले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जावयाने जड जड म्हणून जे काही होतं, बॅटरी, नांगर, साखळी, डब्यांची खोकी, ते सगळं मागे रचलं होतं.

"मागे जड झालं की ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवायला लागतो, जावईबापू. आधी ट्रेलर हलतो, मग गाडी हलते, मग वर्तमानपत्रात फोटो येतो. दुकानात आरसे आहेत ना तुमच्या? एखाद्यात बघून विचारा, हे कोणी रचलं म्हणून."

जावई ट्रेलरवर चढला. नांगर उचलून पुढे घेतला, साखळी पुढे घेतली. इन्स्पेक्टर खाली काट्याशी उकिडवे बसून सांगत होते, अजून, अजून, आता जास्त झालं, आता परत मागे, हात आहेत की फुंकणी. मुलगी पायरीवर शिडाच्या कडा तपासत बसली होती. मधे एकदा ती म्हणाली, "बाबा, पुरे ना." इन्स्पेक्टरांना वाटलं, वजन पुरे म्हणतेय. त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "अजून थोडं लागेल."

मग व्हॅनचं प्रकरण झालं. जावयाच्या दुकानात चष्मा करायला येणाऱ्या एका बाईंकडे सात सीटची जुनी व्हॅन होती. नवरा वारला होता, बाईंना चालवता येत नव्हतं. तिघं बघायला गेली तेव्हा व्हॅन धुऊन पुसून फाटकाबाहेर काढलेली होती. सीटवर बाईंनी स्वतः शिवलेल्या खोळी होत्या. मागे हुक होता, कारण नवरा याच गाडीला बांधून छोटी नाव न्यायचा. लांबी चांगली, इंजिन चांगलं, जागा तर काय, सात माणसांची. इन्स्पेक्टरांनी आत डोकावून आपली बॅग कुठे मावेल ते पाहिलं. या गाडीत आपण मधल्या रांगेत बसायचं, खिडकीशी, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

आणि तरीही ते टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. जायलाच हवं होतं. हुक जिथे सांगाड्याला बसवला होता, तिथे त्यांनी किल्लीने टकटक केली आणि गंजाचा पापुद्रा त्यांच्या तोंडावर पडला. आतला पत्रा बिस्किटासारखा झाला होता. त्या हुकाला बोट लावली असती तर पहिल्या खड्ड्यात हुक बोटीबरोबर राहिला असता आणि गाडी पुढे गेली असती. इन्स्पेक्टर बाहेर आले, कपडे झटकले. इथे "ताई, खाली गंज आहे, आमच्या कामाची नाही" एवढं म्हणून निघता आलं असतं. दुसरा कोणीही तेवढंच म्हणाला असता.

"हिला भंगारवाला पोत्यात घालायलाही तयार होणार नाही," ते म्हणाले.

बाई जरा गोंधळल्या. "पण आमच्या ह्यांनी फार जपली होती हो. दर रविवारी धुवायचे."

"वरून धुवायचे. खाली वाकायला कंबर लागते. इतकी वर्षं माणूस गंजावर बसून हिंडला आणि बायकोलाही हिंडवलं. नशीब थोर म्हणून अंथरुणात मेला."

बाईंनी खोळीची एक सुरकुती हाताने सारखी केली. मग त्या म्हणाल्या, "चहा टाकलाय, घेऊन जा." कोणी चहा घेतला नाही. परत येताना गाडीत मुलगी पुढे बघत गाडी चालवत होती, जावई मागे खिडकीतून बाहेर बघत होता. "वाचलात," इन्स्पेक्टर म्हणाले. "मी नसतो तर गळ्यात पडली असती." कोणी काही बोललं नाही, आणि जिथे कोणी बोलत नाही तिथे सगळ्यांचं एकमत आहे, असं धरून चालणाऱ्या शहाण्यांपैकी ते होते.

त्यानंतर गाडी बघायला त्यांना कोणी बोलावलं नाही. त्यांनी दोनदा फोन केला. मुलगी म्हणाली, दुकानात गर्दी आहे, बघू. मग एके दिवशी तिने कळवलं की गाडी घेतली. इन्स्पेक्टर तावातावाने तिच्या घरी गेले. दारात मागे उघडा हौदा असलेला एक दणकट पिकअप उभा होता, पुढे दोन सीट, मागे तिघांचं बाकडं. त्यांनी खाली वाकून पाहिलं, हुक पाहिला, ट्रेलरच्या ब्रेकला जोडायची तार पाहिली, टायर अंगठ्याने दाबले. दोष सापडेना. असा प्रसंग त्यांच्यावर क्वचित यायचा. शेवटी ते मागच्या बाकावर जाऊन बसले, पट्टा ओढून खटकन लावला, पाय पसरायला जागा आहे का ते पाहिलं.

"रंग भिकार आहे," ते म्हणाले. "मागची सीट ठीक आहे."

त्यांच्या तोंडून जावयाला मिळालेला हा पहिला चांगला शब्द. मुलीने मान वळवली आणि ती ताडपत्रीची दोरी सोडायला गेली.

निघण्याआधी भरलेल्या गाडीचं आणि बोटीचं वजन काट्यावर करून घ्यायचं, हा इन्स्पेक्टरांचा हट्ट. त्यावर कोणी वाद घातला नाही, कारण तेही बरोबरच होतं. खडी आणि वाळूच्या आवारात ट्रक तोलायचा मोठा काटा होता: जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबलचक लोखंडी पत्रा, बाजूला काचेची खोली, खोलीत काटेवाला. मुलगी आणि जावई पिकअपमागे बोट लावून आले. इन्स्पेक्टर रिक्षाने त्यांच्या आधी येऊन थांबले होते. पायात फिक्या तळाचे बूट, हातात भरलेली बॅग. बॅगेचंही वजन धरलं पाहिजे, अर्धवट काम त्यांना चालत नसे.

गाडी काट्यावर चढली. मागे खडीचा एक ट्रक येऊन उभा राहिला.

"पाण्याचे कॅन भरलेत?" इन्स्पेक्टरांनी पुढे होत विचारलं. "टाकी पूर्ण? ठीक. कोणी खाली उतरू नका. निघताना जशी असेल तशीच गाडी तोलायची. माणसं खाली उभी करून काटा करणारे महामूर्ख मी पुष्कळ पाहिलेत." असं म्हणत त्यांनी मागचं दार उघडलं. बाकावर शिडांच्या पिशव्या, गाद्यांच्या गुंडाळ्या आणि स्टोव्हचं खोकं छपरापर्यंत रचलेलं होतं.

"हे काय? हे बोटीत जायला हवं. मी कुठे बसू?"

मुलगी खाली उतरून त्यांच्याजवळ आली. जावई समोरच्या काचेतून पुढे बघत राहिला.

"बाबा, ते तिथेच राहणार आहे."

"कशाला? दांड्यावरचा भार मी काढलाय. अजून पुढच्या बाजूला—"

"भाराचं नाहीये. तुम्ही येत नाही आहात." ती हळू बोलत होती. "मी आधीच सांगायला हवं होतं. रोज म्हणायचे, आज सांगू."

"जागा झाली तर चला म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. आणि जागा आहे, म्हणून तर खरं कारण सांगावं लागतंय." ती थांबली. "मी त्या व्हॅनवाल्या बाईंकडे परत गेले होते. माफी मागायला. त्या म्हणाल्या, असू दे गं, वडील माणसं बोलतात. घरी येताना माझ्या लक्षात आलं, आई हेच करायची. तुम्ही बोलायचं आणि ती मागाहून जाऊन निस्तरायची. शेजारी, तुमच्या ऑफिसातली माणसं, माझ्या शाळेतल्या बाई. जन्मभर."

"तुझ्या आईची कधी तक्रार नव्हती."

"तुमच्याकडे नव्हती." मुलीने दार हळूच लोटलं, ते लागलं की नाही ते ओढून पाहिलं. हे त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. "पहिल्या शोरूममध्ये मी हसले ना, त्याची मला लाज वाटते. हा आत बसलेला माणूस चार महिने तुमचं ऐकून घेतोय, माझ्यासाठी. घरी निदान उठून दुसऱ्या खोलीत जाता येतं. बोटीत दुसरी खोली नसते, बाबा."

इन्स्पेक्टरांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांना म्हणायचं होतं की मी बोलणार नाही, मी नुसता बसून राहीन, मला घरी फार एकटं वाटतं. इतकं साधं वाक्य होतं. पण इतक्या वर्षांत जी वाट कधी वापरली नाही ती ऐन वेळी कुठून सापडणार.

"मला कुठे हौस होती," ते म्हणाले. "पाणी, डास, डब्यातलं शिळं अन्न. मी आपला काटा नीट होतोय ना ते बघायला आलो."

मुलीने त्यांच्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. तिचे डोळे भरले. क्षणभर वाटलं ती दार पुन्हा उघडेल. मग ती वळली, आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिने पट्टा लावला.

मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. काटेवाल्याने काच सरकवून बाहेर डोकं काढलं. इन्स्पेक्टरांनी सवयीने त्याच्या मागचा आकडा वाचला आणि सवयीनेच मनात हिशेब केला. गाडी मर्यादेत होती. त्यांच्यासकट, बॅगेसकट, आरामात मर्यादेत होती. त्यांनी हिशेब पुन्हा करून पाहिला. कुठेच चूक नव्हती.

"काका, तुम्ही काट्यावर उभे आहात," काटेवाला म्हणाला. "वजन तुमच्यासकट येतंय. जाणाऱ्यांपैकी कोणी खाली राहिलंय का अजून?"

"नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "जाणारे सगळे बसलेत." आणि बॅग घेऊन ते काट्यावरून खाली उतरले.